लिनक्स कर्नलमधील मर्यादावाचक नामे : एक चिकित्सा

संगणकाचा सर्व कारभार ज्या मूळ कार्यक्रमाच्या आधारे चालतो त्यास कर्नल म्हणतात. लिनक्स हा कर्नल कोणासही वाचावयास खुला असल्यामुळे एखाद्या ग्रंथाप्रमाणे त्याची पाठचिकित्सा करता येते. हार्ड डिस्कसारखे साठवणीचे साधन एका खेपेस किती माहिती घेऊ वा देऊ शकते, ही मर्यादा सांगणारी काही नामे त्यात आहेत. मागणी या मर्यादेपेक्षा मोठी असल्यास कर्नल तिचे तुकडे पाडून पाठवितो. या नामांचा अर्थदृष्ट्या विचार करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय. विषय यंत्राचा असला तरी प्रश्न अर्थाचा आहे. आणि येथे अर्थ चुकला तर साठविलेली माहिती बिघडते.

प्रथम शून्याचा विचार करू. एटीए पद्धतीच्या जुन्या, 28 बिटांच्या आज्ञांत सेक्टरांची संख्या लिहिण्यास 8 बिटांची जागा असते. तेथे 0 लिहिल्यास 256 सेक्टर, म्हणजे 128 किलोबाइट, असा अर्थ होतो. 48 बिटांच्या आज्ञांत तेच 0 म्हणजे 65,536. स्कझी पद्धतीत सहा बाइटांच्या वाचन-आज्ञेतील 0 म्हणजे 256, परंतु दहा बाइटांच्या आज्ञेतील 0 म्हणजे काहीच नको. त्याच पद्धतीत साधन आपली कमाल मर्यादा 0 अशी कळवू लागले, तर त्याचा अर्थ 'मर्यादा सांगितलेली नाही' एवढाच. एनव्हीएमई पद्धतीच्या वाचन-आज्ञेत तर 0 म्हणजे एक ब्लॉक!

व्याकरणाच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. पाणिनीने लोपास व्याकरणात मानाचे स्थान दिले, आणि मराठीत 'दगड' हे रूप एकवचनाचे की अनेकवचनाचे हे वाक्यावरूनच ठरते. शून्याचा अर्थ रचनेतील त्याच्या स्थानाने ठरतो. कर्नलमधील एटीए विभागाने 48 बिटांच्या आज्ञांसाठी 65,536 ऐवजी 65,535 हीच मर्यादा धरली आहे. शून्य लिहिण्याची वेळच येऊ नये, हा त्यातील हेतू. एका सेक्टराचा त्याग करून संदिग्धता टाळणारा हा निर्णय विवेकाचा आहे.

आता नामांकडे वळू. 'मॅक्स-एचडब्ल्यू-सेक्टर्स' हे नाम यंत्राची मर्यादा सांगते. 'मॅक्स-डेव्ह-सेक्टर्स' हे जोडलेल्या साधनाने स्वतः कळविलेली. आणि 'मॅक्स-सेक्टर्स' हे नेहमीच्या मागण्यांसाठी कर्नलने पाळावयाची. शक्य काय आणि इष्ट काय, हा भेद येथे नामांतच केला आहे, हा या परिभाषेचा मोठा गुण म्हणावा लागेल.

एककांविषयी मात्र वाचकाचा गोंधळ होतो. व्यवस्थापकास दिसणाऱ्या नामाच्या शेवटी 'केबी' जोडलेले असते. म्हणजे नामात सेक्टर आणि मूल्यात किलोबाइट. शिवाय डिस्कचा ब्लॉक 4,096 बाइटांचा असला तरी कर्नलच्या हिशेबातील सेक्टर 512 बाइटांचाच राहतो. परंतु हा दोष क्षम्य आहे. 'शाई' हा शब्द मुळात काळेपणाचा वाचक असूनही 'तांबडी शाई' म्हणताना आपण अडखळत नाही. रूढीने अर्थ स्थिर झाला की व्युत्पत्तीचा अडसर उरत नाही.

खरा दोष 'एचडब्ल्यू' या उपपदात आहे, आणि तो कळण्यास 2015 सालचा इतिहास उपयोगी पडतो. तोवर नेहमीच्या मागण्यांवर 1,024 सेक्टरांची, म्हणजे 512 किलोबाइटांची, आपोआप लागू होणारी मर्यादा होती. त्या वर्षाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या 3.19 या आवृत्तीत ती 'कृत्रिम' म्हणून काढून टाकण्यात आली, आणि साधन जेवढे घेऊ शकते असे समजले जाते तेवढे देण्याचे धोरण आले. तेव्हा काही साधने चुका दाखवू लागली; एका जुन्या डिस्कच्या विशिष्ट आवृत्तीत तर कोणतीही सूचना न देता माहिती बिघडू लागली. अशा साधनांची नावे अपवादांच्या यादीत घालून त्यांना 1,024 सेक्टरांचे बंधन घालावे लागले. त्याच वर्षी सामान्य मर्यादाही परत आणली गेली व पुढे 1,280 किलोबाइटांपर्यंत वाढविली गेली.

'कृत्रिम' या विशेषणाने येथे दिशाभूल केली असे आमचे मत आहे. जिला कृत्रिम म्हटले ती मर्यादा दीर्घ वापराने पारखलेली होती. जिला यंत्राची म्हटले ती केवळ आज्ञेच्या रचनेवरून काढलेले अनुमान होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अपवादाच्या यादीतून आलेले 1,024 हे मूल्यही 'एचडब्ल्यू' याच नामाखाली नोंदले जाते. वस्तुतः ते यंत्राचे बोलणे नव्हे. यंत्राच्या बोलण्यावर कर्नलने दाखविलेला तो अविश्वास आहे. साक्षीदाराचे म्हणणे आणि न्यायाधीशाचा निष्कर्ष एकाच रकान्यात लिहावा, तसा हा प्रकार झाला.

यावर असा आक्षेप येईल की, कर्नलला केवळ आकडा हवा. तो कोणी सांगितला याच्याशी त्यास कर्तव्य नाही. हे यंत्रापुरते खरे आहे. परंतु तो आकडा बदलणारा, किंवा जुनी मर्यादा निरर्थक समजून पुसून टाकणारा, माणूस असतो. आणि माणूस नाम वाचून निर्णय घेतो. 2015 साली हेच घडले.

मराठीत 'पाऊस पडला' आणि 'पाऊस पडला म्हणे' या दोन विधानांत वस्तुस्थितीचा नव्हे, प्रामाण्याचा भेद आहे. एका 'म्हणे'ने वक्ता ऐकीव गोष्टीची जबाबदारी आपल्यावरून उतरवितो आणि ऐकणारा सावध होतो. लिनक्सच्या या परिभाषेने शक्य आणि इष्ट यांतील भेद ओळखला. ज्ञात आणि ऐकीव यांतील भेद मात्र तिने नामात आणला नाही. साधनाने सांगितलेले, रचनेवरून अनुमानिलेले आणि अनुभवाने ठरविलेले अशी तीन मूल्ये निराळ्या नामांनी नोंदली गेली, तर पुढील संपादकास कोणती मर्यादा हलविता येईल आणि कोणती हलविण्यापूर्वी परीक्षा घ्यावयास हवी, हे नामावरूनच कळेल.