रिकाम्या रकान्याचं काय करायचं?

अलेक्स हेली यांचं 'रूट्स' (1976) कुणाला महाकाव्य वाटतं, कुणाला फसवणूक. मला वाटतं, या दोन्ही वाचनांत पुस्तकाचा खरा प्रश्न निसटतो.

तो प्रश्न नोंदींचा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यात गुलामीत जन्मलेला पूर्वज शोधू लागलं, की 1870च्या जनगणनेत त्याचं नाव मिळतं. त्याआधीच्या, 1850 आणि 1860च्या गुलामांच्या याद्यांत बहुतेक ठिकाणी नाव असतं ते मालकाचं; त्याखाली वय, लिंग आणि वर्ण. डेटाबेस हे माझं रोजचं काम, त्यामुळे रिकामा रकाना मला नवा नाही. इथे मात्र नावाचा रकाना आखलेलाच नाही. म्हणून आधी मालक ओळखायचा आणि मग त्याच्या मृत्युपत्रात, खरेदीखतांत, गुराढोरांसोबत माणसांची किंमत लावलेल्या याद्यांत आपला माणूस शोधायचा.

हेलींनी टेनेसीतल्या हेनिंग गावी आजीकडून ऐकलेल्या गोष्टींचा धागा धरला आणि ते थेट गांबियातल्या जुफुरेला, कुंता किंतेपर्यंत पोचले. पुढे 1981मध्ये गॅरी आणि एलिझाबेथ मिल्स या वंशावळीच्या अभ्यासकांनी व्हर्जिनियातली कागदपत्रं तपासली. कुंता 1767मध्ये जहाजातून आला आणि त्याचं नाव 'टोबी' ठेवलं गेलं, असं पुस्तक सांगतं. वॉलर कुटुंबाच्या कागदांत मात्र टोबी त्याआधीपासूनच होता.

कल्पनेबद्दल माझी तक्रार नाही. आपलं लेखन तथ्य आणि कल्पित यांचं मिश्रण आहे, असं हेलीही म्हणत. तक्रार आहे ती सांधा लपवण्याबद्दल. आजीची आठवण कुठे संपते, कागद कुठे संपतो आणि कादंबरीकार कुठे सुरू होतो, हे वाचताना कळत नाही. शेवटच्या प्रकरणांत शोधाची हकीकत येते, पण तीही सगळं जुळल्याच्या सुरात.

1977मध्ये दूरदर्शन मालिका आली आणि 'रूट्स'मुळे कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबं अभिलेखागारांकडे वळली. हे या पुस्तकाचं खरं कर्तृत्व, आणि ते कुठल्याही खटल्याने पुसलं जात नाही. पण तिथे त्यांना भेटली ती 1870ची भिंत. पुस्तकाने त्यांना वाट दाखवली, भिंत मात्र दाखवली नाही. आपण हरलो ते आपल्या कुटुंबाच्या आठवणी तोकड्या पडल्या म्हणून, असं त्यांतल्या कुणाला वाटलं असेल, तर दोष आठवणींचा नव्हता. यादी तशीच आखलेली होती.