तिसरा दशक आणि आजचा मनोपचार

ज्या ग्रंथावर समाजाची श्रद्धा जडलेली असते, त्याचें परीक्षण नेहमींच अवघड होतें. भक्ताला त्यांत सर्व कांहीं दिसतें, विरोधकाला कांहींच दिसत नाहीं, आणि ग्रंथ मात्र दोघांच्या मध्यें न वाचलेला राहतो. ‘दासबोधा’ची आज अशीच स्थिति झाली आहे. मन, देह आणि आप्तसंबंध हीं तीन निरनिराळीं प्रकरणें नसून एकाच दुःखाचीं तीन अंगें आहेत, व उपचारहि तिन्हींचा एकदम झाला पाहिजे, असें आजचे मनोपचारक म्हणतात. १९४८ सालीं अंमलांत आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेनें आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य अशी केली. पुढें १९७७ सालीं जॉर्ज एंगेल या अमेरिकन वैद्यानें हाच विचार वैद्यकशास्त्रापुढें नेटानें मांडला. हें ऐकतांच आपल्याकडील कांहीं मंडळी लागलीच म्हणतात, ‘यांत नवें तें काय? समर्थांनीं हें केव्हांच सांगून ठेवलें आहे.’ हें म्हणणें कितपत खरें, तें ग्रंथ उघडूनच पाहिलें पाहिजे.

जुन्या जालन्याच्या वाचकाला तर हा प्रश्न घरचाच आहे. रामदासांचें जन्मगांव जांब याच जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे. शके १५३० मध्यें, म्हणजे १६०८ सालीं, ते तेथें जन्मले. आणि बाराव्या वर्षीं लग्नमंडपांतून निघून गेले, असें परंपरा सांगते. ज्यानें संसार केलाच नाहीं, त्यानें संसाराचें इतकें बारीक चित्र काढावें, हें ‘दासबोधा’चें पहिलें आश्चर्य होय.

तें चित्र तिसऱ्या दशकांत आहे. दशकाचें नांव ‘स्वगुणपरीक्षा’. जन्मदुःखापासून आरंभ होऊन एका अनाम माणसाचा जीवनक्रम तेथें चार समासांत उलगडतो. बालपणीं आई हेंच त्याचें सर्वस्व असतें. लग्नानंतर तें स्थान पत्नीला मिळतें. ती जाते, आणि दुसरें लग्न होतांच मागचें दुःख तो विसरतो. मुलें पुष्कळ होतात तोंच घरांतली लक्ष्मी निघून जाते. पोटासाठीं तो परदेशीं राबतो आणि चार पैसे गांठीं बांधून परत येतो, तों देशांत अवर्षण पडलेलें! घरचीं बहुतेक माणसें त्या दुष्काळांत मरतात. एक दोन मुलें आईवांचून उरतात. पुढें सुकाळ येतो, पण मुलांना वाढणारें कोणी नाहीं. स्वतःच्या हातानें रांधून तो त्रासतो, लोक भरीस घालतात, आणि म्हातारपणाकडे झुकलेला हा माणूस पुन्हां बोहल्यावर चढतो.

आमच्या मतें या दशकाचें सारें सामर्थ्य अशा ठिकाणीं आहे. पुनर्विवाहाचें कारण म्हणून येथें प्रेम सांगितलेलें नाहीं, वासनाहि नाहीं. स्वयंपाकाचा कंटाळा व लोकांचा आग्रह एवढेंच सांगितलें आहे. माणसें मोठे निर्णय किती लहान कारणांनीं घेतात, हें या कवीला पक्कें ठाऊक होतें. शिवाय भूक, कर्ज, शोक, रोग व घरांतलें भांडण हीं त्यानें वेगळाल्या कप्प्यांत घातलेलीं नाहींत; एकांतून दुसरें कसें निघतें तें क्रमानें दाखविलें आहे. त्रिविध तापांचें वर्गीकरण येतें तें या कथेनंतर. आध्यात्मिक ताप सांगतांना खरूज, नारू, गोवर, देवी अशीं गांवकऱ्यांच्या तोंडचीं रोगांचीं नांवें येतात. आधिभौतिक तापांत पायाला लागलेली ठेंच व मोडलेला कांटाहि सुटत नाहीं. आधीं माणूस व मग शास्त्र, हा क्रम कोणत्याहि उपचारकानें घ्यावा असा आहे.

‘मनाचे श्लोक’ यांतील युक्ति याहून निराळी. या २०५ श्लोकांत माणूस आपल्याच मनाला समोर बसवून, त्याला सज्जन म्हणून, गोडीनें समजावतो. अमेरिकेंत १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यानें जी विवेकनिष्ठ उपचारपद्धति सुरू केली, तिच्यांतहि माणसानें स्वतःशीं चालविलेल्या बोलण्याला असेंच महत्त्व आहे. परंतु साम्य येथेंच थांबतें. एलिस आपल्या समजुतीला पुरावा विचारावयास लावतो. रामदास उत्तर आधींच देऊन मनाला त्या वाटेनें नेऊं पाहतात. एकाचें काम शंकेवर चालतें, दुसऱ्याचें श्रद्धेवर.

खरा भेद मात्र आप्तसंबंधांत आहे. तिसऱ्या दशकांत बायको येते, मरते, पुन्हां येते. पण ती काय सोसते तें आपणांस कळत नाहीं. आप्त हे दुःखाचें कारण म्हणून दिसतात, औषध म्हणून कधींच दिसत नाहींत; आणि दशकाचा शेवट वैराग्यांत होतो. याच्या उलट पुण्याचें ‘मुक्तांगण’ पाहावें. १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं उभारलेल्या या व्यसनमुक्ति केंद्रांत व्यसनी माणसाबरोबर त्याच्या पत्नीलाहि उपचारांत सामावून घेतात. नातें तोडून नव्हे, तर नीट करून माणूस बरा करावयाचा, हें त्या पद्धतीचें सूत्र आहे. तें तिसऱ्या दशकांत नाहीं, आणि आहे असें म्हणणें ग्रंथाचा गौरव नव्हे.

यावर कोणी म्हणेल, ‘बाराव्या दशकांत आधीं प्रपंच नीट करावयास समर्थच सांगतात कीं!’ हा आक्षेप योग्य आहे, आणि तो ग्रंथकाराच्या मोठेपणाचाच पुरावा आहे. तिसऱ्या दशकांत मोडलेला संसार पुढें त्यांनीं पुन्हां उभा करावयास घेतला. परंतु तेथेंहि प्रपंच हें कर्तव्य आहे; आधार नाहीं.

हा वाद नुसता पंडितांचा नव्हे. अवर्षणानें घर बुडणें ही जालना जिल्ह्यांत केवळ सतराव्या शतकांतली गोष्ट नाहीं. ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें राज्याचीं चार जुनीं मनोरुग्णालयें आहेत. त्यांतील एकहि मराठवाड्यांत नाहीं. २०१७ च्या कायद्यानें मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. अशा वेळीं खचलेल्या माणसाच्या हातीं पोथी देऊन ‘यांत सर्व आहे’ असें सांगणें म्हणजे त्याचा तो हक्क भक्तीच्या नांवाखालीं हिरावून घेणें होय. त्याला वैद्याकडे नेलें पाहिजे, आणि घरच्यांनीं त्याच्याबरोबर गेलें पाहिजे.

वैद्यानें मात्र तिसरा दशक अवश्य वाचावा. समोर बसलेला शेतकरी ‘मला विषाद झाला आहे’ असें म्हणत नाहीं. तो पाऊस, कर्ज, मुलीचें लग्न व छातींतली धडधड एका दमांत सांगतो. तें सारें एकच दुखणें आहे, हें ऐकून घेण्याचा कान या ग्रंथानें तयार होतो. रामदासांचें निदान आजहि खरें आहे. उपाय मात्र आपण आपल्या काळांतच शोधावयास हवा.