बहिरा रेडिओ आणि अनसिंगची वही

वाशीमहून पुसदच्या रस्त्याने निघाले की अनसिंग लागते. तेथील आमचे एक स्नेही शाळेत विज्ञान शिकवतात आणि जुने रेडिओ जमवतात. घरामागच्या खोलीत भिंतीला लागून फळ्या आहेत. वरच्या फळीवर मर्फी, बुश, फिलिप्स असे व्हॉल्व्हचे रेडिओ, त्याखाली चामडी पिशवीतले ट्रांझिस्टर. एका खोक्यात पोस्टात दरवर्षी नूतनीकरण करून आणायची परवान्याची पुस्तकेही त्यांनी जपून ठेवली आहेत. नुसता ऐकायचा रेडिओ घरी ठेवायलाही परवाना लागत असे, हे आजच्या विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही.

जुन्या रेडिओचा आवाज गोड असतो, असे ही फळी पाहणारा प्रत्येक जण म्हणतो. मोठा स्पीकर, लाकडी पेटी आणि उंच पट्टीचे स्वर थोडे कापले जाणे, एवढ्यावर त्या गोडव्याचा बराच भाग उलगडतो. त्याबद्दल आमचे भांडण नाही. आम्हाला बोलायचे आहे ते सगळ्यात खालच्या फळीवरच्या दोन संचांविषयी आणि सरांनी त्यांची तुलना करून लिहिलेल्या वहीविषयी. ती वही विज्ञान प्रदर्शनात मांडायची होती आणि सरांनी ती आमच्याकडे मत विचारण्यासाठी दिली होती. एखाद्या पुस्तकाची समीक्षा करावी तशी ही त्या वहीची समीक्षा समजावी. तिच्यातल्या एका चुकीत आमचाही वाटा आहे, तोही पुढे येईलच.

आधी संच. पहिला आहे अमेरिकेतल्या नागरिकांसाठीच्या रेडिओचा, म्हणजे ‘सीबी’चा, २३ वाहिन्यांचा. तिकडे १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा सामान्य माणसांना आपापसांत बोलण्यासाठी मोकळा झाला. १ जानेवारी १९७७ पासून वाहिन्या २३ वरून ४० करण्यात आल्या आणि २३ वाहिन्यांचे संच रातोरात जुने ठरले. शेजारीच २८ ते २९.७ मेगाहर्ट्झ हा हौशी रेडिओवाल्यांचा दहा मीटरचा पट्टा आहे. (तरंगलांबी काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागावे, २८ ने भागले की सुमारे १०.७ मीटर येतात.) स्वस्तात पडून असलेले हे संच मग हौशी मंडळींनी स्फटिक बदलून शेजारच्या पट्ट्यात आणले. सरांचा संचही असाच, एका नातेवाइकाने परदेशातून आणलेला. सरांकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. त्यांनी त्याचे स्फटिक बदलले, मोर्सचे स्वर ऐकू यावेत म्हणून आत एक छोटा आंदोलक बसवला आणि तो २८.२ मेगाहर्ट्झवर आणून ठेवला.

या जुन्या संचांमधली स्फटिकांची मांडणी वर्गात जरूर सांगण्यासारखी आहे. प्रत्येक वाहिनीला वेगळा स्फटिक द्यायचा तर खर्च फार. म्हणून सहा स्फटिकांचा एक गट आणि चारांचा दुसरा घेऊन त्यांच्या जोड्या लावत. सहा गुणिले चार म्हणजे चोवीस जोड्या. वाहिन्या मात्र तेवीस! त्यामुळे अनेक संचांच्या चकतीवर २२ आणि २३ या आकड्यांच्या मध्ये एक मुकी जागा दिसते.

दुसरा संच १९८०च्या दशकानंतरचा, मुळातच दहा मीटरसाठी बनवलेला. त्यात आकडे दिसणारी पट्टी आहे आणि तो दिसतोही रुबाबदार.

वहीत प्रत्येक संचाला आवाज, पकड आणि देखणेपणा यांसाठी दहापैकी गुण दिले होते. दहा मीटरच्या संचाला पकडीचे आठ. तेवीस वाहिन्यांच्या संचाला चार, आणि पुढे शेरा : ‘बहिरा’. पण त्याच पानावर खाली कौतुकाचीही एक ओळ होती : ‘तरीही परदेशी माणसांच्या गप्पा मिळाल्या!’ या ओळीसाठी एक गुण वाढवून चाराचे पाच केले होते.

पहिली हरकत तारखांना. दहा मीटरच्या संचाच्या नोंदी नोव्हेंबर २०२४ मधल्या सकाळच्या, तर जुन्याच्या जुलै २०२५ मधल्या रात्रीच्या. दहा मीटरचा पट्टा दूरवर पोचतो तो आयनांबराच्या सर्वांत वरच्या थराच्या कृपेने, आणि तो थर सूर्याच्या लहरीवर चालतो. डागांचे अकरा वर्षांचे चक्र, ऋतू, दिवसाची वेळ, सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. सध्याचे सौरचक्र डिसेंबर २०१९ मधल्या नीचांकापासून मोजतात आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सूर्य कमाल टप्प्यात असल्याचे नासाने जाहीर केले होते. म्हणजे एका संचाची परीक्षा सूर्य भरात असताना, हिवाळ्याच्या तोंडावर, सकाळी. दुसऱ्याची पावसाळ्यात, रात्री. ही तुलना संचांची नसून सूर्याच्या दोन अवस्थांची झाली.

दुसरी हरकत काट्याला. सरांनी पकडीचे गुण संदेशाची ताकद दाखवणाऱ्या काट्यावरून दिले होते. नव्यावर काटा ७ वर जाई, जुन्यावर ४ वर. आता हौशी रेडिओच्या रिवाजाप्रमाणे काट्यावरचे ९ म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट, आणि खाली येताना प्रत्येक घराला व्होल्टेज निम्मे. तीन घरांचा फरक म्हणजे आठपट! पण हा रिवाज कागदावरचा. स्वस्त संचातला काटा प्रत्यक्षात आतले वर्धन आपोआप कमी-जास्त करणारा दाब दाखवतो, आणि किती दाबाला किती हलायचे हे कारखान्यात एका रोधाने ठरते. दोन घरांतल्या घड्याळांचे टोले मोजून कोणत्या घरी वेळ जास्त आहे हे ठरवण्यातला हा प्रकार आहे.

तिसऱ्या मुद्द्यापाशी आम्हाला अधिक थांबायचे आहे.

वहीच्या नोंदी घ्यायला सरांना दहावीतल्या तीन मुली मदत करत. त्यांपैकी एकीच्या अक्षरातल्या चार ओळी वहीत खोडलेल्या आहेत. त्या ओळींमध्ये ‘बहिऱ्या’ संचाला सात, सात, आठ, सात असे गुण होते आणि समासात बारीक अक्षरांत लिहिले होते : ‘लाइन नाही’. विदर्भात वीज गेली की लाइन गेली म्हणतात. सरांनी त्या ओळी खोडण्यापूर्वी आम्हाला फोनवर विचारले होते आणि आम्ही, संशोधनात वीस वर्षे घालवलेल्या माणसाने, सांगितले होते की एकाच संचाला चार आणि आठ असे दोन्ही गुण कसे असतील. पोरीचे लक्ष नसेल, खोडून टाका. मुलीने तेव्हाही म्हटले होते, “सर, लाइन गेली का हा रेडिओ चांगला आयकू येते.” ते वाक्य आम्ही फोनवर स्पष्ट ऐकले होते. त्याचा अर्थ विचारावा असे काही सुचले नाही.

अर्थ साधा आहे. गावात लाइन असली की एलईडी दिव्यांची स्वस्त मंडले, मोबाइलचे चार्जर, मोटारींचे स्टार्टर, खांबावरच्या सैल जोडातल्या ठिणग्या हे सगळे २८ मेगाहर्ट्झवर खरखर ओतत असतात. दूरचा क्षीण संदेश त्या खरखरीत बुडतो. लाइन गेली की खरखर ओसरते आणि संदेश वर येतो. सरांचे संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, त्यामुळे ते अंधारातही चालू. मुलीने मोजला तो संच नव्हता, गावाचा गोंगाट होता, आणि मोजला तो बरोबर मोजला होता.

या पट्ट्यावर संच पुरेसा संवेदनशील आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे आणि तिला एकही उपकरण लागत नाही. संच ऐकत असताना अँटेनाची तार काढा. खरखर ठळकपणे कमी झाली, तर याचा अर्थ ती खरखर बाहेरून येत होती आणि संचाच्या पोटातली खरखर तिच्यापेक्षा कमी आहे. त्याहून अधिक संवेदनशील संच तेथे घेऊन काही मिळायचे नाही. वीज नसलेल्या माळरानावरही ही बाहेरची खरखर शून्य होत नाही. कार्ल जान्स्की यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला २०.५ मेगाहर्ट्झवर अशाच चिवट खरखरीचा माग काढला आणि ती आकाशगंगेतून येते असे दाखवले. दहा मीटरच्या पट्ट्यातही आकाशगंगेची ती खरखर ऐकू येते.

डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही अनसिंगला गेलो आणि तुलना नव्याने केली. एकच अँटेना, एकच बॅटरी, मध्ये अँटेना या संचाकडून त्या संचाकडे वळवणारी कळ. ऐकायचे काय, हा प्रश्न उरतो. रेडिओ केंद्र चालणार नाही, कारण त्याची ताकद आपल्या हाती नाही. सुदैवाने २८.२०० मेगाहर्ट्झवर जगभरची अठरा दीपकेंद्रे पाळीपाळीने बोलतात. श्रीलंकेतले एक धरून प्रत्येकाला दहा सेकंद, म्हणजे तीन मिनिटांत फेरी पूर्ण. प्रत्येक केंद्र आधी मोर्समध्ये आपले नाव सांगते आणि मग एकेका सेकंदाच्या चार दांड्या वाजवते : पहिली १०० वॅटची, दुसरी १० ची, तिसरी १ ची, चौथी एक दशांश वॅटची. मोर्स येत नसले तरी दांड्या मोजता येतात. कोणत्या संचावर किती दांड्या ऐकू आल्या, एवढेच लिहायचे. प्रत्येक दांडी आधीच्यापेक्षा १० डेसिबलने खाली आहे, हे मोजमाप आपल्याला फुकट मिळते.

लाइन असताना दोन्ही संचांवर दोन दांड्या. लाइन गेल्यावर दोन्हींवर तीन. काट्याच्या तीन घरांवर विश्वास ठेवला असता तर १८ डेसिबलचा, म्हणजे जवळजवळ दोन दांड्यांचा फरक पडायला हवा होता. तो कोणत्याही फेरीत पडला नाही. अँटेना काढली की दोन्हींची खरखर खाली बसे. बहिरा म्हणून ज्याला विकून टाकायचे सरांच्या मनात होते, तो संच बहिरा नव्हताच.

मग दोन्ही संच सारखेच का? नाहीत. फरक निघाला तो सरांनी कौतुकाने एक गुण वाढवला होता त्या ओळीत.

जुन्या संचावर २८.२०० ला मध्येच माणसांचे बोलणे येई. तेथे फक्त दीपकेंद्रे असतात, माणसे बोलत नाहीत. कळ फिरवून नव्या संचावर गेले की बोलणे गायब. सरांचा समज होता की जुन्याची पकडच विलक्षण. आता हिशेब पाहा. जुना संच येणाऱ्या संदेशात आपल्या आंदोलकाची वारंवारता मिसळतो आणि दोहोंतला ४५५ किलोहर्ट्झचा फरक पुढे पाठवतो. २८.२०० साठी आंदोलक २७.७४५ वर आहे. पण आंदोलकाच्या खालच्या बाजूला ४५५ किलोहर्ट्झवर जे असेल त्याचा फरकही तेवढाच भरणार. ती जागा २७.२९० मेगाहर्ट्झ. अमेरिकी वाटणीतली २८वी वाहिनी २७.२८५ वर आणि २९वी २७.२९५ वर, म्हणजे ही जागा सीबीच्या दोन वाहिन्यांच्या ऐन मधोमध. पट्टा खुला असला की परदेशातल्या सीबीवाल्यांच्या गप्पा या मागच्या दाराने आत येतात. याला प्रतिमा म्हणतात. हे दार संचाच्या पुढच्या मंडलाने बंद करायचे असते, पण खऱ्या आणि खोट्या वारंवारतांमधले अंतर ९१० किलोहर्ट्झ, म्हणजे २८ मेगाहर्ट्झच्या जेमतेम सव्वातीन टक्के. एवढ्या जवळच्या दोघांना वेगळे करणे साध्या मंडलाला जमत नाही. नव्या संचात पहिला फरक १०.६९५ मेगाहर्ट्झचा घेतात. त्यामुळे प्रतिमा २१ मेगाहर्ट्झहून अधिक दूर जाते आणि पुढचे मंडल तिला सहज अडवते.

तेव्हा जुन्या संचाला कमी गुण द्यायचेच असतील तर ते नको तेही ऐकतो म्हणून. वहीत दोष म्हणून लिहिलेली गोष्ट दोष नव्हती आणि गुण म्हणून लिहिलेली गोष्टच दोष होती.

हे वाचून कोणाला २७ मेगाहर्ट्झचा संच आणावासा वाटला तर एक सांगायला हवे. भारतात २००५च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात, कमाल ५ वॅट आणि संचातच बसवलेली अँटेना या अटींवर परवान्यातून सूट दिली. चाळीसपैकी पहिल्या सत्तावीस वाहिन्याच त्यात बसतात. दवाखान्यातली शेक देण्याची यंत्रे आणि दूरनियंत्रणाच्या खेळण्यातल्या गाड्याही याच पट्ट्यात चालत आल्या आहेत. दहा मीटरवर बोलायचे तर केंद्र सरकारची हौशी रेडिओची परीक्षा द्यावी लागते. वयाची अट बारा वर्षे पूर्ण एवढीच असल्याने शाळेतली मुलेही ती देऊ शकतात.

खोडलेल्या चार ओळी सरांनी वहीत पुन्हा उतरवल्या आणि नव्या पानावर तारीख, वेळ, लाइन आहे की नाही, आणि दांड्या असे चार रकाने आखले. देखणेपणाचा रकाना त्यांनी हट्टाने ठेवला आहे. तो छंद त्यांचा आहे. त्या मुलीने मात्र आमच्यापुढे नवेच गणित टाकले. आंदोलक खाली न ठेवता ४५५ किलोहर्ट्झ वर ठेवला, म्हणजे २८.६५५ वर, तर मागचे दार कोठे उघडेल? उत्तर २९.११० येते. तेथे कोणी बोलते का हे ऐकायला नवा स्फटिक लागेल. सरांनी तो मागवला आहे.