फळबाजार आणि संघराज्य

विद्यापीठीय विद्वत्तेचे वैविध्य विषयांच्या यादीवरून मोजावे, असा समज रूढ आहे. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह पाहणाऱ्यास तो फार काळ बाळगता येणार नाही. १९३० साली स्थापन झालेली ही संस्था १९९३ पासून अभिमत विद्यापीठ आहे; भारत सेवक समाजाचा जुना ग्रंथसंचयही तिच्याच ग्रंथालयात आहे.

संस्थेच्या आरंभीच्या प्रकाशनांत पुण्यातील फळांच्या व्यापाराची पाहणी (१९३३) आहे. पाठोपाठ मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारवाहतुकीची (१९३५). दोहोंमागे गाडगिळांची दृष्टी आहे. फळ कोणाकोणाच्या हातून गिऱ्हाइकापर्यंत पोहोचते, हा प्रश्न त्यांनी विद्वत्तेच्या कक्षेत आणला. याच संस्थेच्या काळे स्मारक व्याख्यानमालेत १९३९ साली डॉ. आंबेडकरांनी १९३५ च्या कायद्यातील संघराज्याच्या योजनेची चिकित्सा केली आणि १९४१ साली ठक्करबाप्पांनी आदिवासींचा प्रश्न मांडला. गाडगीळ आकड्यांना बोलते करतात, आंबेडकर कलमांची उलटतपासणी घेतात, ठक्करबाप्पांच्या मागे पायी हिंडून मिळवलेला अनुभव उभा असतो. खरे वैविध्य आहे ते पुराव्याच्या या निरनिराळ्या जातींत. आपली समीक्षा मात्र अशा गद्याला वाङ्मयच मानीत नाही! कादंबरीतील बाजाराच्या वर्णनावर प्रबंध होतात. प्रत्यक्ष बाजाराच्या या चरित्राकडे वाङ्मयाचा अभ्यासक वळत नाही.

डिजिटल संग्रहाने जीर्ण पानांना हात न लावता ती गुवाहाटीच्या वा तिरुवनंतपुरमच्या अभ्यासकापुढे ठेवली, हा उपकार लहान नव्हे. परंतु शोधाच्या चौकटीत जो शब्द घालावा तोच परत मिळतो. कपाटापुढे उभ्या राहिलेल्या वाचकाच्या हाती शेजारचे, न मागितलेले पुस्तकही येई. संघराज्य शोधणाऱ्यास येथे फळबाजार भेटण्याचे कारणच उरत नाही. संग्रहाची मांडणी करणाऱ्यांनी हे शेजार जपण्याचा विचार करावयास हवा.

मराठी अभ्यासकाची अडचण याहून निराळी आहे. पुण्याचा बाजार मराठीत बोलत होता, त्याची पाहणी इंग्रजीत लिहिली गेली. देवनागरीत ‘अडत्या’ हा शब्द लिहून शोधू पाहणाऱ्यास ती सापडणे कठीण. आणि सापडली तरी त्या अडत्याचे बोलणे परभाषेतूनच ऐकावे लागते.