खेड्यातल्या शाळेचा आठवडा

गेल्या शतकाआधीच्या इंग्लंडात खेड्यातल्या ख्रिस्ती शाळेचा एक आठवडा कसा जाई, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने फ्लोरा थॉम्प्सन या लेखिकेच्या ‘लार्क राइज’ या पुस्तकातील शाळेचे प्रकरण वाचावे. पुस्तक १९३९ साली निघाले. पुढे त्यास आणखी दोन भाग जोडले जाऊन १९४५ साली ‘लार्क राइज टु कँडलफर्ड’ या नावाने तिन्ही एकत्र झाले. बाईंचा जन्म १८७६ सालचा, ऑक्सफर्डशायरमधील एका लहानशा वाडीतला. वडील पाथरवट. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि त्या पोस्टात नोकरीस लागल्या. आपल्या बालपणास त्यांनी या पुस्तकात ‘लॉरा’ हे नाव दिले आहे.

हे प्रकरण मी प्रथम वाचले तेव्हा त्याचा अर्थ मला फार सोपा वाटला. शाळा रूक्ष, मुलगी बुद्धिमान. तेव्हा शाळेला न जुमानता ती लेखिका झाली! वर्गातही मी पुष्कळ वर्षे हेच सांगत आलो. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता मिशनच्या एका प्राथमिक शाळेत शिकविते. पुस्तक परत करताना तिने विचारले, “सर, नावे पाठ करून घेण्यात एवढे वाईट ते काय?” मला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून प्रकरण पुन्हा वाचले, आणि माझे जुने मत काही जसेच्या तसे उरले नाही.

ही शाळा ‘नॅशनल स्कूल’ या वर्गातली. गरिबांच्या मुलांस इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चच्या तत्त्वांनुसार शिक्षण मिळावे म्हणून १८११ साली नॅशनल सोसायटी स्थापन झाली, तिच्या छायेखाली अशा शाळा गावोगाव निघाल्या. एक मोठी खोली, चाळीस-पंचेचाळीस मुले, एक बाई आणि त्यांच्या मदतीस बारा-एक वर्षांच्या दोन मुली, आठवड्यास शिलिंगभर वेतनावर. वाडीतली मुले दीड मैल चालून येत. सोमवार असो की शुक्रवार, सकाळी दहाला पाद्रीसाहेब यावयाचे आणि मोठ्या मुलांचा धर्मशास्त्राचा तास घ्यावयाचे. आळीपाळीने बायबलाचे वाचन, इस्राएलाच्या राजांची नावे मुखोद्गत म्हणणे, प्रश्नोत्तरावली. आणि शेवटी नीतीचा उपदेश. खोटे बोलू नये, चोरी करू नये, आणि विशेष म्हणजे आपल्या स्थितीविषयी कुरकुर करू नये, कारण ज्याला जेथे ठेवले आहे तेथे देवानेच ठेवले आहे. त्यानंतर वाचन, लेखन, गणित; दुपारी मुलींस शिवण. रविवारी चर्चमध्ये पुन्हा तेच पाद्रीसाहेब, आणि पुष्कळदा विषयही तोच.

या आठवड्यास वारच नाहीत. लेखिका ‘त्या दिवशी’ असे क्वचित म्हणते. सारे काही ‘रोज’ आणि ‘नेहमी’ घडते. हा मला पूर्वी दोष वाटे. आता वाटते की एका साच्यातून निघालेल्या दिवसांचे वर्णन याहून खरे होणे कठीण. साचा मोडतो तो सरकारी इन्स्पेक्टर येतो तेव्हा. १८६२ च्या नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालाशी बांधून टाकले होते. मॅथ्यू आर्नल्ड स्वतः इन्स्पेक्टर असून या पद्धतीचा कडवा टीकाकार होता. तरी शतक संपत येईतो ती पुरती गेली नाही. त्या दिवशी मुलांइतकीच बाईंचीही परीक्षा असे, हे लेखिका विसरत नाही. तिचा हा न्यायीपणा मला फार मोलाचा वाटतो. एक नवी बाई केवळ प्रेमाने शाळा चालवू पाहते आणि मुले तिचा धुव्वा उडवितात, तोही भाग तिने लपविलेला नाही.

आता नावांची गोष्ट. पाद्रीसाहेबांच्या शिकवणीत ज्या भागास हेतू होता तो म्हणजे संतोषाचा उपदेश, आणि तो साफ वाया गेला. पाथरवटाच्या मुलीने लिहिलेले हे पुस्तकच त्याची साक्ष आहे. उलट ज्याचा अर्थ कोणी उलगडून सांगितला नाही तेच तिने उचलले. भूगोलाचा निराळा तास नव्हता. पण ‘रॉयल रीडर’ या वाचनमालेत दूरदेशची वर्णने होती, आणि त्यांत लॉराला सर्वांत प्रिय होते ते हिमालयाचे. (आम्ही इकडे कधी न पाहिलेली डॅफोडिल्स घोकीत होतो, आणि ते हसण्यावारी नेण्याची रीत आहे. तिने तरी हिमालय कोठे पाहिला होता?) धर्मशास्त्राच्या परीक्षेत एकदा मोशेच्या चरित्रावर निबंध लिहावयास आला. इतर मुले टाक चावीत असता तिची लेखणी धावत सुटली, आणि घंटा झाली तेव्हा मोशे नुकता कोठे डोंगरावर पोहोचला होता. बक्षीस तिलाच मिळाले. तेव्हा माझ्या विद्यार्थिनीस मी एवढेच कळविले की, नावांनी मूल मरत नाही. त्यांच्या शेपटीस जो उपदेश बांधतात त्याची मात्र तिने चौकशी करावी.

तरीही माझी एक तक्रार शिल्लक आहे. लॉरा शाळेत येण्यापूर्वीच वाचावयास शिकली होती. वडिलांनी अक्षरे दाखविली, आणि एके दिवशी अक्षरे तिच्याशी बोलू लागली. हिमालयाचे वर्णन तिच्यासाठी उघडले ते त्या बळावर. मग ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचणाऱ्या उरलेल्या चाळीस मुलांच्या पदरात त्या आठवड्याने काय घातले? यावर हे प्रकरण जवळजवळ मुके आहे. पुस्तकभर ती मुले एक घोळका म्हणून वावरतात. दंगा करतात, शेतावर जातात, मोठी होतात.

त्यांच्या नावांची गोष्ट निघते ती पुस्तकाच्या अगदी शेवटी. पहिल्या महायुद्धात त्या एवढ्याशा वस्तीतले अकरा जण परत आले नाहीत. चर्चच्या भिंतीवर त्यांच्या नावांचा पितळी पत्रा आहे. पाच-पाच नावांच्या दोन ओळी, आणि खाली एकटे अकरावे नाव, लॉराच्या धाकट्या भावाचे, एडमंडचे.