उंबरठ्याआतले युद्ध

परकी फौज देश सोडून गेली की इतिहासाच्या पुस्तकातले एक प्रकरण संपते. त्यानंतर घरातल्या बाईचे काय झाले, हे सांगावयाचे काम बहुधा कादंबरीकडेच येते. खालिद हुसैनी यांची ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’ ही २००७ सालची इंग्रजी कादंबरी त्या दृष्टीने वाचण्याजोगी आहे.

सोव्हिएत फौजा १९८९ च्या फेब्रुवारीत अफगाणिस्तानातून परतल्या. कादंबरीतील लैलाचे दोन्ही भाऊ त्यांच्याशी लढताना मारले गेलेले. १९९२ साली मुजाहिदीन काबूलमध्ये आले, तेव्हा तिची आई सुतकाचे काळे कपडे टाकून निळा पोशाख घालते, शेजाऱ्यांना जेवू घालते. थोड्याच महिन्यांत आपल्याच लोकांचा अग्निबाण घरावर पडतो. आईबाप जातात, आणि चौदा वर्षांची लैला जोडे शिवणाऱ्या रशीदची दुसरी बायको होते. पहिली मरियम. तीही पंधराव्या वर्षी हेरातहून त्याच्या घरी आलेली.

सवतीमत्सर आपल्याला नवा नाही. पण या दोघींचे वैर चहाच्या पेल्यांवर हळूहळू विरघळते आणि त्याचे मायलेकींचे नाते होते, हा भाग हुसैनींनी फार हळुवारपणे लिहिला आहे. कादंबरीचे खरे बळ येथे आहे.

१९९४ साली दोघी पळून पेशावरला निघतात. बसच्या अड्ड्यावर त्या पकडल्या जातात आणि पोलीस त्यांना पुन्हा नवऱ्याच्याच स्वाधीन करतात. तालिबान काबूलमध्ये आले ते १९९६ साली, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. घरातला जुलूम हा घरधन्याचा खाजगी मामला, हे सरकारने त्याआधीच ठरवून टाकले होते.

म्हणूनच रशीदला इतका काळाकुट्ट रंगविणे मला खटकते. वाचकाचा सगळा संताप त्या एका माणसावर खर्च होतो. त्यापेक्षा इस्पितळाचा प्रसंग कितीतरी भेदक आहे. भूल देण्याचे औषध नसताना लैलाचे पोट फाडून मूल काढावे लागते. शस्त्रक्रिया करणारी डॉक्टरीण बुरखा उतरवते, आणि एक परिचारिका दाराशी पहारा देते. येथे कोणी खलपुरुष नाही. आहे तो फक्त हुकूम.

शेवटी, २००३ साली, लैला काबूलच्या अनाथाश्रमात मुलांना शिकवू लागते. तेव्हा हा शेवट काहीसा गोड वाटला असेल. आज तो वाचवत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन फौजा गेल्या. पुढच्या मार्चमध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडल्या त्याच दिवशी पुन्हा बंद झाल्या. डिसेंबरात विद्यापीठांची दारे लागली. २०२४ च्या अखेरीस सुईणीचे शिक्षणही थांबविण्यात आले. तशाच इस्पितळात उद्याच्या लैलाजवळ कोण उभे राहणार?

यावरून परक्यांनी कायमचे राहावयास हवे होते, असा निष्कर्ष कोणी काढील. कादंबरी तो काढू देत नाही. लैलाचे दोन भाऊ मध्ये उभे आहेत. फौज आली तेव्हा या बायकांना कोणी विचारले नाही आणि गेली तेव्हाही नाही, एवढेच ती सांगते. घरातल्या जाणत्या मुलींनी ती वाचावी, आणि त्यांच्या भावांनी तर अवश्य वाचावी.