नाणे न मागणारे आर्केड : ‘बटन सिटी’ या व्हिडिओ गेमचा विचार

‘सब्लिमिनल’ या पती-पत्नींनी उभारलेल्या छोट्या स्टुडिओचा ‘बटन सिटी’ हा व्हिडिओ गेम 10 ऑगस्ट 2021 रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे कथानक चार ओळींत सांगता येते. फेनेल हे कोल्ह्याचे लाजाळू पिल्लू घराबाहेर पडते आणि गावातल्या आर्केडमध्ये, म्हणजे खेळयंत्रांच्या पार्लरमध्ये जाऊन पोचते. तिथे चाइव्ह, लॅव्हेंडर आणि सॉरेल यांच्या ‘फ्लफ स्क्वॉड’ या टोळीत त्याला जागा मिळते. पुढे कळते की पेपरमिंट पेपरबॉटम हे गलेलठ्ठ, श्रीमंत मांजर आर्केड बंद पाडायला निघाले आहे, आणि सारी टोळी ते वाचवायला धडपडू लागते. इंग्रजीत धनदांडग्या लोभी माणसाला ‘जाडे मांजर’ म्हणण्याची रीत आहे. आपणही अशा असामीला बोका म्हणत असल्यामुळे हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

पात्रांची नावे परसबागेतली आहेत. फेनेल म्हणजे बडीशेप, सॉरेल म्हणजे आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली भाजी आणि चाइव्ह ही कांद्याच्या जातीतली बारीक पात. खलनायकाच्या नावातही पुदिन्याचीच एक जात आहे. नायक आणि खलनायक एकाच वाफ्यात उगवलेले असल्यामुळे या जगात कोणी पुरते वाईट असणार नाही, हे नावांवरूनच लक्षात येते. चित्रणही तसेच सौम्य आहे. गावातली प्रत्येक जागा गणपतीपुढच्या देखाव्यासारखी छोटी, रंगीत आणि एका नजरेत मावणारी आहे.

अशा खेळांना आता ‘कोझी’ म्हणतात. एरिक बरोन यांनी एकट्याने घडवलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ (2016) आणि जग घरात अडकले असताना मार्च 2020 मध्ये आलेला ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ हे या प्रकाराचे ठळक नमुने. त्यांत घाई नसते, हरण्याची धास्ती नसते, खेळणाऱ्याला दटावणारे कोणी नसते. ‘बटन सिटी’ने हा ऊबदारपणा आर्केडला लावला आहे, आणि तिथेच समीक्षेला काम उरते. कारण खरे आर्केड मायाळू कधीच नव्हते.

आर्केडचे अर्थशास्त्र नाण्यावर उभे होते. एक नाणे टाकायचे, ठरावीक ‘जीव’ मिळवायचे, ते संपले की पुन्हा नाणे. एकच पोर एका नाण्यावर तासभर खेळत बसले तर मालक बुडणार. म्हणून खेळ रचणाऱ्याला खेळणाऱ्याला मारणे भाग होते. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (1978) शत्रू जसे कमी होत जातात तसे उरलेले वेगाने अंगावर येतात. अनेक यंत्रांच्या पोटात बारीक खटके असत. एका नाण्याला किती जीव द्यायचे, खेळ किती अवघड ठेवायचा, हे मालक त्यांवरून ठरवी. मुलाला वाटे आपला हात चुकला. पण ती चूक घडावी अशी तजवीज आधीच झालेली असे. या निर्दयतेतून आर्केडची प्रतिष्ठाही जन्मली. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ने (1979) उच्चांकाशेजारी नावाची तीन अक्षरे कोरण्याची सोय लोकप्रिय केली. सहजासहजी न जिंकता येणाऱ्या यंत्रावर आपली तीन अक्षरे झळकणे ही मोठीच कमाई होती.

‘बटन सिटी’त गोबाबॉट्सच्या चार विरुद्ध चार चकमकी आहेत, गाड्यांची शर्यत आहे, तालावर नाचण्याचा खेळ आहे. या यंत्रांभोवती जमणारे गोतावळे वेगवेगळे आहेत, हे निरीक्षण अचूक आहे. शर्यतीच्या यंत्रापाशी रेंगाळणारी मुले आणि नाचाच्या यंत्रावर घाम गाळणारी मुले एका छपराखाली असूनही निरनिराळ्या जातीची असतात, हे आर्केड पाहिलेल्या कोणालाही पटेल. मात्र नाण्याचा धाक इथे नाही. खेळणाऱ्याने हा गेम एकदा विकत घेतला की त्याच्या खिशाला पुन्हा हात लागत नाही. नाणे गेले की वाया जाण्याची भीती जाते, आणि तिच्यामागून जिंकण्याची झिंगही जाते. मागे उरते ती फक्त जागा.

हा तोटा मी मोठा मानत नाही. मोठेपणी माणसाला उच्चांक आठवत नाहीत. शेजारी कोण उभे होते ते आठवते. गेमने नाणे सोडून सोबत धरली, ही निवड योग्य आहे. माझा आक्षेप आहे तो आर्केड कोण बंद पाडते, या प्रश्नाला गेमने दिलेल्या उत्तराला.

एका लोभी मांजराने आर्केड मेले, हे सोयीचे उत्तर आहे. इतिहास निराळे सांगतो. न्यूयॉर्क शहरात 1942 पासून 1976 पर्यंत पिनबॉलवर बंदी होती. टेक्सासमधल्या मेस्किट शहराने 17 वर्षांखालील मुलांना पालकांवाचून नाण्यांच्या खेळयंत्रांशी जायला मनाई केली. ‘अलादिन्स कॅसल’ या आर्केडवाल्यांचा त्याविरुद्धचा खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने 1982 मध्ये वयाच्या अटीचा मुद्दा खालच्या न्यायालयाकडे परत धाडला. म्हणजे मुलांच्या या जागांवर पहिला घाला घातला तो नगरपालिकांनी आणि मुलांच्या भल्याच्या काळजीने. दुसरा घाला घरातल्या यंत्रांचा. ‘अटारी 2600’ 1977 मध्ये आले, पुढे निन्टेन्डो आणि प्लेस्टेशन आले. बाहेर जे नाण्याने मिळे ते बैठकीच्या खोलीत मिळू लागले. जपानमध्ये आर्केड अधिक तगली, पण तिथेही सेगाने महासाथीतल्या तोट्यानंतर 2020 मध्ये आपल्या आर्केड व्यवसायाचा बहुतांश हिस्सा विकला. टोकियोतले इकेबुकुरो गिगो हे प्रसिद्ध आर्केड 20 सप्टेंबर 2021 रोजी बंद झाले, ‘बटन सिटी’ येऊन जेमतेम सहा आठवडे झाले असताना. त्यामागे कोणी मांजर नव्हते, हिशेब होता.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटणार नाही. नव्वदच्या दशकात आपल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही एखाद्या गाळ्यात दोन-चार यंत्रे मांडलेली व्हिडिओ गेम पार्लरे होती. ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हा कॅपकॉमचा 1993 चा खेळ आपल्याकडे मूळ नावाने फारसा कोणी ओळखतच नाही. त्यातल्या एका पात्रावरून त्याचे नाव ‘मुस्तफा’ पडले, ते आजतागायत. हे बारसे मुलांनी केले, कंपनीने नव्हे. हा खेळ अनेकांनी खांद्याला खांदा लावून, एकाच पडद्यावर खेळायचा होता. खिशात पैसे नसलेला मागे उभा राहून सूचना देई, आणि तोही खेळात धरला जाई. या पार्लरांना शाळा आणि पालक वाईट संगतीचे अड्डे समजत. ती पार्लरेही कोणा एका बोक्याने बंद केली नाहीत. टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले, मग संगणक, मग मोबाइल.

आता ‘बटन सिटी’तली खरी मेख पाहा. मैत्रीवरचा हा गेम एकट्याने खेळायचा आहे. चाइव्ह, लॅव्हेंडर आणि सॉरेल लिहून दिलेले संवाद बोलतात. मैदानात ते आपल्या बाजूने लढतात, पण त्यांना चालवतो प्रोग्राम. आर्केड गेल्याचे दुःख सांगणारी ही कथा, ज्या घरगुती यंत्रांनी आर्केड रिकामी केली, त्यांच्यावरच आणि मागे कोणी उभे नसताना अनुभवायची आहे. पेपरबॉटमला दोष देताना गेम स्वतःच्या घराकडे पाहत नाही.

तरीही मी तो मुलांच्या हाती देईन, आणि त्याचे कारण त्याच्या सुरुवातीत आहे. लाजाळू पिल्लू अनोळखी टोळीपाशी जाते आणि ती टोळी सरकून त्याला जागा करून देते. त्याचे आईवडील कोण, गुण किती, हे कोणी विचारत नाही. मोठ्यांची नजर नसलेल्या, पण चार लोकांतल्या जागेतच हे घडू शकते. आज मुलांच्या वाट्याला एकतर शिकवणीचा वर्ग येतो किंवा घरातला पडदा. मधली जागा आक्रसली आहे. त्या मधल्या जागेची किंमत नऊ-दहा वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेत ‘बटन सिटी’ सांगतो. ती कोणी हिरावली, हे मात्र त्याने अर्धेच सांगितले आहे. उरलेले अर्धे मोठ्यांनी मुलाशेजारी बसून, खेळ चालू असतानाच सांगायला हवे. तेवढ्यापुरता का होईना, मागे उभा राहून सूचना देणारा कोणीतरी त्याला मिळेल.